सुईच्या टोकावरचा नमुना

दि. १२ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दादाने चक्क पत्र लिहिलं म्हणून नवल करू नकोस. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की तुझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मागच्या खेपेला तू तुझ्या सासूबद्दल जे बोललीस, त्यावर समोरच्या घरातून मला सल्ले आले.

तर बातमी अशी. पोटात वायू धरतो म्हणून सोनोग्राफीला गेलो. वायू राहिला बाजूला, स्वादुपिंडाच्या शेपटाकडच्या टोकाला तीन सेंटीमीटरची गाठ निघाली. मग सीटी काढला, त्याचा कागद सोबत जोडलाय. तो बघून एका डॉक्टरांनी तोंड एवढंसं केलं. दुसऱ्यांनी सलाइनमधून द्यायच्या औषधांची तारीखच देऊन टाकली, एक मार्च. तिसरे म्हणतात, थांबा, आधी सुईने नमुना काढून गाठीची जात बघू.

आता नमुना या विषयावर मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षं धान्याच्या गोदामात तपासनीस होतो. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, मूठभर गहू काढायचा आणि त्या मुठीवरून अख्ख्या थप्पीचं नशीब ठरवायचं, हाच माझा धंदा. म्हणून तर सांगतो, मुठीचा भरवसा नाही. कीड कोपऱ्यातल्या पोत्यात आणि सळई मधल्या पोत्यात, असं कितीदा झालंय!

तरी जाणार आहे. सुईवाल्या डॉक्टरांना दाखवायला माझी बाटलीही नेणार आहे. चौदा वर्षांपूर्वी उजवं मूत्रपिंड काढलं तेव्हाचा मुतखडा, जो शोकेसमध्ये कपबश्यांच्या वर ठेवलाय तो. एवढा खडा पोटात वागवून माणूस कामावर जात होता, हे कळलं की डॉक्टर लोक जरा अदबीने वागतात.

तुझी वहिनी दर दहा मिनिटांनी सूप आणते. तिचे बंधुराज भाऊसाहेब रोज येऊन समोर बसतात. क्लबाचे चिटणीस म्हणून शोकप्रस्ताव लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे तुला माहीत आहेच. काल माझी जन्मतारीख विचारली. म्हटलं, कशाला? तर म्हणे, सहज.

असल्या सुया तुझ्या भिंगाखाली रोज येतात. काय खरं ते लिही. आपल्या घरात खोटं बोलायची पद्धत नाही.

लोभ आहेच, वजनात तूट येऊ देऊ नकोस.

तुझा
दादा

---

दि. १७ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग जन्मतारखेपाशी हसले. भाऊसाहेबांना एक वर्ष चुकीचं सांगायचं होतंस.

तुझी सळई मधल्या पोत्यात पडायची, कारण पोत्याच्या आतलं तुला दिसत नव्हतं. या डॉक्टरांना दिसतं. करंगळीएवढी नळी तोंडातून जठरात घालतात, तिच्या टोकालाच सोनोग्राफीचं छोटं यंत्र असतं. स्वादुपिंड जठराच्या अगदी पाठीमागे, भिंतीला भिंत लागून. पलीकडची गाठ पडद्यावर दिसते आणि तिच्याकडे बघत बघत बारीक सुई आत जाते. वाटेत रक्तवाहिनी आली तर वाट बदलतात. शेजारी माझ्यासारखी कुणीतरी बसलेली असते. ती काचपट्टी रंगवून तिथल्या तिथे सांगते, माल पुरेसा आहे की पुन्हा घालायची. तुला झोपेचं औषध देतील, त्यामुळे मधूनमधून सूचना करता येणार नाहीत. डॉक्टरांचं नशीब!

आता खरं ते. अशा गाठींमध्ये बहुतेक वेळा एकच वाईट जात निघते, ते मी लपवत नाही. पण काही क्वचितच्या असतात. त्यांचं औषध निराळं, ऑपरेशन निराळं आणि पुढची वर्षंही निराळी. तुझ्या सीटीच्या कागदावर लिहिलंय की गाठीत रक्त भरपूर खेळतंय. नेहमीची वाईट गाठ सहसा अशी नसते. म्हणून जात कळल्याशिवाय कुणाच्याही तारखेला होकार देऊ नकोस.

लोभ आहे तेवढा ठेव, आणि वहिनींचं सूप पी.

तुझी
भिंगरी

---

दि. १७ जानेवारी
(शिवणवाल्या ताईंच्या पत्त्यावर)

सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

घरी पाठवलं तर दादा पाकीट फोडेल म्हणून हे शेजारच्या ताईंकडे पाठवतेय. दादाला लिहिलेल्या पत्रात जे लिहिता आलं नाही ते इथे लिहिते.

वहिनी, तो खडा नव्हता. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, भाऊसाहेबांना तर सगळ्यांत जास्त माहीत आहे, कारण खडा त्यांनीच दवाखान्याच्या फाटकाबाहेरून उचलून बाटलीत घातला होता. दादाच्या मूत्रपिंडात कॅन्सर होता. तेव्हा आपण तिघांनी ठरवलं की हा माणूस शब्द ऐकूनच हातपाय गाळील. मीही हो म्हटलं होतं, सगळा दोष तुमच्यावर ढकलत नाही.

पण आता ते महागात पडेल. मूत्रपिंडाच्या कॅन्सरला एक खोड असते. दहा दहा, पंधरा पंधरा वर्षं गप्प बसतो आणि मग भलत्याच ठिकाणी डोकं वर काढतो. स्वादुपिंड हे त्यातलं एक. तसं असेल तर ती बातमी खरं तर बरी. पण मूत्रपिंड खड्यासाठी काढलं असं डॉक्टरांच्या कागदावर असेल, तर त्यांचं लक्ष तिकडे जाईल कशाला? मग एक मार्चला भलतीच औषधं सुरू होतील.

दादाला नंतर सांगू. सुई घालायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, एवढं कराच. दोन वाक्यांचं काम आहे.

रागावला नाहीत तर लोभ, रागावलात तरी लोभ.

तुमची
नणंद

---

दि. ३० जानेवारी

सौ. वन्संस स. न. वि. वि.

तुमची दोन वाक्यं मला बोलता आली नाहीत.

चिठ्ठी लिहून मुठीत धरून नेली होती. घामाने अक्षरं हाताला लागली. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हेच देत होते, माझ्या वाटचंसुद्धा. मूत्रपिंडाची गोष्ट निघाली तशी यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, खडाच होता ना? वन्सं, मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

का, ते तुम्हालाच सांगते. सुरुवातीची तीन वर्षं मी यांना खड्याची तपासणी म्हणून दर सहा महिन्यांनी नेत होते. मग यांनी स्वतःच जाहीर केलं की रोज पाच लिटर पाणी पिणाऱ्याला खडा होत नाही, आणि जायचं बंद केलं. कॅन्सर होता हे आता बाहेर आलं तर हे पहिला प्रश्न काय विचारतील? मग मला ओढून का नाही नेलंस? म्हणून मान हलली.

सुई चार वेळा घातली. झोपेचं औषध देईपर्यंत हे डॉक्टरांना सांगत होते की चारही कोपऱ्यांतून घ्या. पेशी पुष्कळ आल्या म्हणे, पण इथल्या लॅबवाल्यांना जात ओळखता येईना. क्वचितची दिसतेय, मोठ्या लॅबला पाठवा म्हणाले. मोठी लॅब म्हणजे तुमचीच. सगळं तुमच्याकडे निघालंय.

भाऊसाहेबांना मी सगळं बोलून दाखवलं. तुम्ही काही करू नका, मी लिहितो, असं म्हणाले. तेव्हापासून मी घरातली पाकिटं लपवून ठेवलीत.

राग आला असेल तर तो धरून ठेवा, लोभ सोडू नका.

तुमची
वहिनी

---

दि. २ फेब्रुवारी

सौ. ताईसाहेबांस विनम्र अभिवादन.

आपण शास्त्राच्या मंदिरात सेवा करता, याचा क्लबाला अभिमान आहे. तथापि शास्त्रालाही माणुसकीचा पदर असावा, असे या अल्पमतीस वाटते.

चौदा वर्षांपूर्वी मी एक खडा उचलला. त्या एका खड्यावर एका कुटुंबाचे सुख उभे आहे. अहवालात मूत्रपिंडाचा तो अमंगळ शब्द आला, तर मेहुण्यांच्या मनाची काय अवस्था होईल? म्हणून नम्र सूचना अशी की, जुन्या खड्याचे काही कण नजरचुकीने मागे राहून स्वादुपिंडात जाऊन बसले, असे लिहिता आल्यास पाहावे. ते शास्त्रात बसत नसल्यास अहवाल एखाद्या मृत भाषेत असावा आणि अक्षर बारीक असावे. मेहुणे भिंग वापरतात, याची नोंद घ्यावी.

सोबत एका ठरावाचा कच्चा मसुदा आहे. धान्यक्षेत्रातील पोकळी हा शब्दप्रयोग योग्य वाटतो का ते कळवावे. तारखेची जागा कोरी ठेवली आहे, घाई नाही.

आपला लोभ ही आमची कायमची शिल्लक समजतो.

आपला
भाऊसाहेब (चिटणीस)

---

दि. ९ फेब्रुवारी

सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

भाऊसाहेबांना म्हणावं, पोकळी तुमच्या डोक्यात आहे. बाकी उत्तर नाही.

पाकीट उघडलं आणि काचपट्टीवर दादाचं नाव दिसलं. सत्तावीस वर्षांत कुठलंच नाव दोनदा वाचलं नव्हतं, त्या दिवशी वाचलं. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना मी लगेच सगळं सांगून टाकलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, कागदावर खडा लिहिलंय म्हणून मी भलत्याच जातीच्या मागे लागले होते, आणि तपासायला माल काही अमाप नाही. मग राहिलेल्या पेशींवर मूत्रपिंडाची ओळख पटवणारे रंग घातले. पटली. गाठ स्वादुपिंडाची नाहीच. मूत्रपिंडाचा जुना पाहुणा आहे, चौदा वर्षांनी आलेला.

वहिनी, ही बातमी चांगली आहे, दोनदा वाचा. गाठ एकच आहे, बाकी अंग स्वच्छ आहे. एक मार्चची ती औषधं याला लागूही पडली नसती. शेपटाकडचा भाग कापून काढला की माणूस पुढे कित्येक वर्षं काढू शकतो.

पण अहवालात जे आहे तेच लिहिलं जाणार. शुक्रवारी तो निघेल, आणि दादा प्रत्येक कागद भिंग लावून वाचतो. त्याला कागदाकडून कळू देऊ नका. तुम्ही सांगा. यावेळी मान हलवून चालणार नाही.

लोभ तर आहेच, आज जरा काळजीही आहे.

तुमची
नणंद

---

दि. १४ फेब्रुवारी

भिंगरीस,

आशीर्वाद सध्या थांबवले आहेत.

परवा दुपारी हिने माझ्यासमोर बसून सांगितलं. ऐकू आलं नाही म्हणून मी पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ती ओरडून बोलली, त्यामुळे आता गल्लीलाही कळलंय.

चौदा वर्षं मी टोमॅटो खाल्ला नाही. पालक सोडला. दिवसाला पाच लिटर पाणी प्यायलो, त्यापायी किती सभासमारंभांतून मध्येच उठावं लागलं ते तुला काय सांगू! मुतखड्यावर लोकांना व्याख्यानं दिली. दोघांना तर माझी बाटली बघून पाण्याची सवय लागली. आणि तो खडा! काल पहिल्यांदा बाटलीतून काढून भिंगाखाली धरला. एका बाजूला डांबर लागलंय गं त्याला. गव्हातला खडा दहा पावलांवरून ओळखणारा मी. पण स्वतःच्या पोटातून निघालेला माल तपासावा असं कुणाला सुचतं?

मी मागच्या खोलीत राहायला गेलोय. हिच्याशी बोलणं बंद आहे. सूप दारात ठेवून जाते.

अहवाल आला. तुझं चांगल्या बातमीचं पत्रही हिने दाखवलं. आता माझा हिशेब ऐक. चौदा वर्षांपूर्वी कॅन्सर होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, साधा खडा आहे, काळजी नको. आता म्हणता, कॅन्सर आहे पण बऱ्यातला आहे, काळजी नको. म्हणजे आता खरं काय असेल? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. माझी खात्री झालीय की यात काही राम नाही आणि तुम्ही मला गोड बोलून कापायला नेताय. अहवालावर सही तुझ्याच बाईंची आहे. भाऊसाहेबांनी तुला काय लिहिलं होतं तेही ते स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगून गेले.

ऑपरेशनच्या कागदावर मी सही केलेली नाही. करणारही नाही. शेवटचे दिवस मी टोमॅटो खाऊन घालवीन.

लोभाचं नंतर बघू.

दादा

---

दि. १८ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझा राग शंभर टक्के खरा आहे. मी चुकले. त्या वेळी तू घाबरशील म्हणत होतो, पण घाबरलो होतो आम्हीच.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, तो हक्क मी घालवलाय. नमुन्यावर ठेव. जुन्या मालाबद्दल तक्रार आली की तू गोदामातला राखून ठेवलेला सीलबंद नमुना काढून दोन्ही शेजारी मांडायचास ना? मूत्रपिंड जिथे काढलं त्या दवाखान्यात तुझा तुकडा अजून मेणात बसवून ठेवलेला आहे. तो तुझा आहे, अर्ज केलास की देतील. मला पाठवू नकोस, कुणालाच देऊ नकोस. स्वतः घेऊन ये. तुझ्यासमोर काप काढीन, तुझ्यासमोर रंगवीन. आमच्याकडे दोघांना एकदम बघता येईल असं भिंग आहे.

बघून वाटलं की आम्ही खोटं बोलतोय, तर खुशाल टोमॅटो खा.

लोभ उधार ठेवलास तरी चालेल.

तुझी
भिंगरी

---

दि. ६ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. (मागचे थकलेले धरून.)

घरी पोचलो. तुझ्या भिंगातलं ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. डावीकडे चौदा वर्षांपूर्वीच्या पेशी, उजवीकडे सुईने काढलेल्या. रिकाम्या पिंपांसारख्या पांढुरक्या, मध्ये एकेक ठिपका, आणि भोवती रक्ताच्या बारीक नळ्या. एकाच शेतातला माल, आंधळाही सांगेल. तुझ्या बाईंना मी तीनदा पट्ट्यांची अदलाबदल करायला लावली आणि तिन्ही वेळा मला फरक करता आला नाही. अशी माणसं पुढे किती जगतात, ते त्यांनी छापील कागदावर दाखवलं. बरं आणि वाईट, दोन्ही. सुईच्या टोकावर मावेल एवढा नमुना, पण मुठीपेक्षा खरा निघाला. शब्द मागे घेतो. ऑपरेशनच्या कागदावर सही केली आहे.

पण एक गोष्ट तिथे तुझ्याशी बोललो नाही. दवाखान्याच्या जुन्या कागदांच्या खोलीत मेणाच्या तुकड्याबरोबर माझी फाईलही हातात दिली. बाकावर बसून वाचली. पहिली तीन वर्षं माझ्या तपासण्या आहेत. त्यानंतर मी गेलो नाही म्हणजे पानं कोरी असायला हवीत ना? नाहीत. दर वर्षी एक ओळ आहे. रुग्ण आले नाहीत, पत्नी आल्या, स्कॅनसाठी घेऊन या असं सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अकरा ओळी आहेत, अक्षरं वेगवेगळ्या डॉक्टरांची. एका ओळीत लिहिलंय, पत्नी विचारतात की जेवणात मिसळून देता येईल असं काही औषध आहे का.

त्या दुपारी, मला ओढून का नाही नेलंस, म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो, भिंगरी. ती अकरा वेळा तिथे जाऊन बसली, आणि घरी आल्यावर मी तिला पाण्याचं महत्त्व सांगितलं.

तिच्याशी बोलणं बंद करून आता तीन आठवडे होऊन गेले. परत सुरू कसं करायचं ते मला येत नाही. तुला सुचत असेल तर कळव. नाही सुचलं तरी लोभ राहू दे.

तुझा
दादा

---

दि. २७ मार्च

सौ. वन्संस स. न. वि. वि.

ऑपरेशन पार पडलं हे फोनवर तुम्हाला कळलं, अख्ख्या मजल्यालाही कळलं. बाकीचं लिहिते.

तुम्ही यांना काय लिहिलंत ते यांनी मला दाखवलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात एके सकाळी हे आपली उशी घेऊन मागच्या खोलीतून पुढे आले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता सूप नको म्हणणार. तर विचारलं, इतकी वर्षं तुला भीती वाटत होती का गं? वन्सं, चौदा वर्षांत कुणी मला हे विचारलं नव्हतं. यांना काय होतंय ते सगळे विचारायचे. मी म्हटलं, हो. रोज. आणि मग जी रडायला लागले ती थांबलेच नाही. यांना काही सुचेना, तर यांनी मला पाणी आणून दिलं, एक लिटरची बाटली भरून.

भाऊसाहेब दवाखान्यात हार घेऊन आले होते. शोकप्रस्तावाचा त्यांनी अभिनंदनाचा ठराव केलाय. विशेषणं तीच आहेत, क्रियापदं तेवढी बदलली. नर्सबाईंनी वाचून विचारलं, पेशंट कुठल्या तारखेला गेले?

काल डॉक्टर मला बाहेर बोलावत होते. मी म्हटलं, नाही, जे असेल ते आत यांच्यासमोर सांगा. त्यांनी सांगितलं, यांना ऐकू आलं नाही, मग मी यांच्या कानाशी बसून सगळं जसंच्या तसं सांगितलं. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत. पण हा आजार परत येऊ शकतो, दुसरीकडेही येऊ शकतो. जन्मभर दर सहा महिन्यांनी स्कॅनला यावं लागेल. मी एक शब्द गाळला नाही, एक शब्द गोड केला नाही.

यांनी माझा हात धरला आणि लहान आवाजात विचारलं, तू येशील ना बरोबर?

मी म्हटलं, येईन.

तुमच्यावर लोभ आहे, तो आता पोस्टाने चोरून पाठवावा लागणार नाही.

तुमची
वहिनी